इंजिनाचा दोष नव्हता



बर्‍याच दिवसांनी लिहितो आहे. दिवाळीत गावी गेलो होतो तो महिनाभर तिकडेच राहिलो. परत आल्यावर नातवाने कॉम्प्युटरची काहीतरी दुरुस्ती काढली होती. असो. आज लिहायचे आहे ते बोटीच्या पंख्याबद्दल. इतिहासाच्या मास्तराला हे काय सुचले असे वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विषय इतिहासाचाच आहे आणि थोडा घरचाही.

मालवणला माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. दादा गेल्याला आठ वर्षे झाली. घरी वहिनी आणि धाकटा पुतण्या. त्याने दोन वर्षांपूर्वी पर्यटकांना फिरवण्यासाठी एक जुनी फायबरची बोट घेतली. लांबी बावीस फूट, मागच्या फळीला अडकवलेले एकशेपंधरा हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात नसलेले, बाहेर लटकवलेले इंजिन. वर डोके, मध्ये लांब पाय आणि पायाच्या तळाशी पाण्यात फिरणारा पंखा. आमच्याकडे प्रोपेलरला पंखाच म्हणतात.

तर ही बोट पळत नव्हती. माणसे बसली की नाळ आकाशाकडे करून फेस उडवायची आणि पेट्रोल मात्र प्यायची. शेजारच्या बोटी दोन फेर्‍या मारायच्या तोवर याची एक. पुतण्याचा निष्कर्ष ठरलेला होता. मला म्हणाला, "काका, इंजिनात दम नाय हा. दीडशेचा घेवक व्हया." दीडशे हॉर्सपॉवरच्या नव्या इंजिनासाठी कर्ज काढायचे, वहिनींच्या पाटल्या गहाण टाकायच्या आणि जामीन म्हणून सही माझी. मी महिनाभर राहिलो त्याचे खरे कारण हे. कागद तयार होते, फक्त पेन उचलायचे होते.

सहीच्या आदल्या दिवशी एक म्हातारा मेस्त्री घरी आला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने किनार्‍यावर ओढलेल्या बोटीभोवती एक फेरी मारली, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवले आणि पुतण्याला म्हणाला, "इंजिनाक गाळी कित्याक घालतस? आधी पंखो बग."

त्यानंतर त्याने जे सांगितले ते मला नीट कळायला आठ दिवस लागले. कळल्यावर मी त्याच्या मागचा इतिहास शोधायला लागलो. मास्तराची खोड जात नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. एक व्यास आणि दुसरा पिच. पिच म्हणजे पंख्याचा एक फेरा पूर्ण झाल्यावर तो किती पुढे सरकेल तो आकडा, इंचांत. लाकडात स्क्रू पिळताना एका फेर्‍यात तो किती आत जातो, तसेच. एकवीस इंच पिचचा पंखा एका फेर्‍यात एकवीस इंच पुढे जायला हवा. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. ते मागे सरकते, त्यामुळे बोट थोडी कमीच जाते. हा जो तोटा त्याला स्लिप म्हणतात. थोडी स्लिप हवीच, ती शून्य झाली तर पंखा पाण्याला मागे ढकलतच नाही असा अर्थ होईल.

आमच्या बोटीला एकवीसचा पंखा होता. आधीच्या मालकाचा. तो म्हणे एकटादुकटा मासे पकडायला जायचा, हलकी बोट, त्याला तो ठीक होता. पुतण्या त्यावर पर्यटक भरत होता. सहा माणसे घेऊन आम्ही बाहेर काढली तेव्हा पूर्ण थ्रॉटल दिल्यावरही इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेर्‍यांच्या वर जाईना. इंजिनाच्या पुस्तकात पाच ते सहा हजार लिहिलेले. सायकलवर चढाला वरचा गिअर टाकून उभ्याने पेडल मारावे तशी इंजिनाची अवस्था. इंजिन ताकद देते ती विशिष्ट फेर्‍यांना. तिथपर्यंत ते पोचलेच नाही तर कागदावरचे एकशेपंधरा घोडे तबेल्यातच बसून राहतात.

आता इतिहास.

बोटीला स्क्रू लावून चालवण्याची कल्पना पुष्कळांना सुचली होती, पण ती खपवली दोघांनी, आणि दोघांचीही पेटंटे 1836 मधली. एक फ्रान्सिस पेटिट स्मिथ, इंग्लंडमधला शेतकरी. दुसरा जॉन एरिक्सन, स्वीडिश इंजिनिअर. स्मिथच्या छोट्या बोटीला लाकडी स्क्रू होता, दोन पूर्ण वेढ्यांचा, लांबच लांब. 1837 साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग मोडून गेला. बोट थांबेल असे वाटले असणार. झाले उलटेच, बोट जास्त वेगाने पळायला लागली! स्मिथने पुढे स्क्रू आखूडच केला. इंजिन तेच, पाणी तेच, स्क्रू निम्मा आणि वेग जास्त. हा प्रसंग वाचला तेव्हा मी मेस्त्रीला फोन केला. तो फक्त हसला.

त्या वेळी आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाके असत. स्क्रू बरा की चाक बरे, हा वाद ब्रिटिश आरमाराने 1845 च्या एप्रिलमध्ये गंमतशीर रीतीने सोडवला. रॅटलर ही स्क्रूची आणि अलेक्टो ही चाकांची, साधारण सारख्या ताकदीची जहाजे शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेचीला उभी केली. रॅटलरने अलेक्टोला तिची चाके पुढे फिरत असतानाही मागे ओढत नेले. गावच्या जत्रेत शोभेल असा प्रयोग.

पण मला सर्वांत भावला तो चार्ल्स पार्सन्स. हा आयर्लंडमधल्या एका उमरावाचा धाकटा मुलगा, जन्म 1854 चा. वडिलांनी घराच्या आवारात सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारलेली. मुलगा लहानपणी शाळेत गेलाच नाही, घरीच शिकवायला मास्तर. पुढे डब्लिन आणि केंब्रिजला गणित शिकला, आणि एवढे शिकून उमरावाचा मुलगा कारखान्यात उमेदवारी करायला गेला. 1884 मध्ये त्याने वाफेचे टर्बाइन केले. दट्ट्या पुढे-मागे हलवण्याऐवजी वाफेच्या झोताने सरळ चाकच फिरवायचे. पहिले टर्बाइन मिनिटाला अठरा हजार फेरे घेई. 1889 मध्ये भागीदारी सोडली तेव्हा पेटंटचे हक्क जुन्या भागीदारांकडे राहिले, ते परत मिळायला 1894 उजाडले. तोवर गड्याने टर्बाइनची दुसरी जात काढून काम चालूच ठेवले होते.

मग त्याने टर्बाइनवर चालणारी एक बोट बांधायला घेतली. नाव टर्बिनिया. लांबी शंभर फुटांहून थोडी जास्त आणि रुंदी फक्त नऊ फूट, म्हणजे अगदी सुरीसारखी. आधी दोन फुटांचे मॉडेल करून ते मासे पकडायच्या गळाच्या काठीने तळ्यात ओढून पाहिले, मग सहा फुटांचे मॉडेल पिळलेल्या रबराच्या दोरीवर चालवले. 1894 मध्ये खरी बोट पाण्यात उतरली. टर्बाइन एक, दांडा एक. तीस नॉटच्या वर वेगाची आशा होती, मिळाले वीस नॉटलाही थोडे कमी. (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर.) पंखे बदलून बदलून पाहिले. बोट ढिम्म.

अशा वेळी लोक काय म्हणणार? टर्बाइनमध्ये दम नाही. पार्सन्सने तसे मानले नाही, पण "माझे इंजिन चांगलेच आहे" असा हट्टही केला नाही. त्याने इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये एक स्प्रिंगचे मापयंत्र बसवले. इंजिनाकडून दांड्याला खरोखर किती पीळ मिळतो ते मोजायला. मोजल्यावर दिसले की टर्बाइन आपले काम चोख करते आहे. ताकद वाया जाते ती पंख्यापाशी.

का जाते, याचा अंदाज त्याच सुमारास दुसरीकडेही येत होता. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधलेली डेअरिंग नावाची विनाशिका ठरलेला वेग गाठेना. पात्यांचा पसारा वाढवला आणि तीच नाव तेच इंजिन घेऊन चोवीस नॉटवरून एकोणतीसच्या आसपास गेली. कारण असे, की पाते फार जोरात फिरले आणि लहान जागेवर फार मोठा रेटा आला तर पात्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथे, थंडच्या थंड, उकळते. वाफेचे बुडबुडे होतात. पंख्याला पकडायला घट्ट पाणीच उरत नाही. या प्रकाराला कॅव्हिटेशन हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले.

पार्सन्सने हे डोळ्यांनी पाहायचे ठरवले. 1895 मध्ये त्याने तांब्याची एक बंद नळी केली, आत दोन इंचांचा पंखा, आणि पाणी उकळीच्या अगदी जवळ आणलेले म्हणजे बुडबुडे लवकर धरतील. फिरणारा पंखा डोळ्याला स्थिर दिसावा म्हणून ठरावीक वेळाने पडणारा प्रखर प्रकाश. खिडकीतून त्याने पात्यामागची पोकळी पाहिली. आज जगभर प्रोपेलर तपासण्याच्या ज्या मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत त्यांची ही पणजी.

मग त्याने बोटीचे पोट पुन्हा उघडले. एकाऐवजी तीन टर्बाइने, तीन दांडे, प्रत्येक दांड्यावर तीन पंखे. नऊ पंखे! रेटा एका पंख्यावर न घालता नऊजणांत वाटून दिला. टर्बिनिया चौतीस नॉटच्या पुढे गेली. त्या वेळी तिला गाठणारे जहाज पृथ्वीवर नव्हते.

हे त्याने जगाला दाखवले ते 26 जून 1897 रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाल्याच्या सोहळ्यात. स्पिटहेडला दीडशेहून जास्त युद्धनौका रांगा करून उभ्या होत्या आणि त्या रांगांमधून ही सुरीसारखी बोट धूर सोडत पळाली. पाठलागावर सोडलेल्या गस्ती बोटी मागेच राहिल्या. नऊच वर्षांनी, 1906 मध्ये, ब्रिटिशांनी ड्रेडनॉट ही मोठी युद्धनौका टर्बाइनवर चालवली.

इथे मी वाचता वाचता थांबलो. जून 1897, हीरक महोत्सव. अहो, हीच तारीख मी तीस वर्षे शिकवली! 22 जून 1897 च्या रात्री, याच महोत्सवाच्या समारंभाहून परतताना, पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. फळ्यावर ती तारीख मी खडूने दरवर्षी लिहिली. चारच दिवसांनी त्याच राणीच्या त्याच समारंभात एक माणूस बोट घेऊन घुसला आणि आरमारांचे भविष्य बदलले, हे एकाही वर्गाला सांगितले नाही. मला ठाऊकच नव्हते. इतिहास आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहितो, घडतो मात्र तो एकाच आठवड्यात.

आउटबोर्डची कथा थोडक्यात सांगतो. काढता-घालता येणारे पहिले असे यंत्र पॅरिसमध्ये 1881 साली गुस्ताव्ह त्रूवेने सीन नदीवर चालवले, विजेवर. पेट्रोलवरचे 1905 च्या सुमारास अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने केले. पण घरोघरी पोचवले ते ओले एव्हिनरूडने. हा नॉर्वेत जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेला गेलेला, शाळा फारशी न पाहिलेला कारागीर. आख्यायिका अशी की सहलीला गेले असता बेस या मैत्रिणीसाठी तो सरोवरापलीकडून होडी वल्हवत आइस्क्रीम आणत होता, पोचेपर्यंत ते वितळले आणि तेव्हा त्याने वल्ह्यांना रामराम ठोकायचे ठरवले. 1909 मध्ये त्याचे दीड हॉर्सपॉवरचे इंजिन बाजारात आले. वजन बासष्ट पौंड आणि किंमतही बासष्ट डॉलर. बेस पुढे त्याची पत्नी झाली आणि धंद्याची जाहिरात तिनेच सांभाळली.

पुढे शर्यतीवाल्यांनी हा खेळ फार सूक्ष्म केला. इंजिन फळीवर अर्धा-अर्धा इंच वर घ्यायचे, कारण पाण्यात बुडालेला पाय म्हणजे नुसता अडथळा. फार वर घेतले तर पंखा वरून हवा ओढतो, पकड सुटते, इंजिन किंचाळते. शिवाय थंडावा देणारे पाणी आत घेण्याची भोकेही उघडी पडून इंजिन तापते. ही हवा ओढण्याची भानगड वेगळी आणि पार्सन्सचे बुडबुडे वेगळे. तिथे वाफ असते, इथे वरची हवा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचे काम हवा अडवण्याचे. एकदा नाव चुकले की शंभर वर्षे चुकते. आणि गंमत म्हणजे अतिवेगवान बोटींत मुद्दामच पंखा अर्धा पाण्याबाहेर ठेवतात. पाते हवेची पोकळी घेऊनच फिरेल, अशाच आकाराचे घडवलेले असते. एकाचा रोग तो दुसर्‍याचा उपाय.

तर आमच्या मेस्त्रीने काय केले? कोणाकडून तरी सतराच्या पिचचा पंखा उसना आणला. पिचचा एक इंच कमी केला की फेर्‍या दीडशे-दोनशेने वाढतात हा त्याचा ठोकताळा. चार इंच म्हणजे सहाशे ते आठशे. इंजिनाचे बोल्ट सोडून ते एक भोक वर घेतले. जुना पंखा मला हातात दिला. पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. बुडबुडे फुटतात तेव्हा ते पितळ-पोलाददेखील खातात. 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्याचे गणित मांडले होते. मेस्त्रीला रॅले माहीत नव्हते, खड्डे माहीत होते.

त्याच सहा जणांना घेऊन पुन्हा निघालो. मी वही घेऊन बसलो होतो. इंजिन त्रेपन्नशेवर गेले. हिशेब मांडतो, तपासून पाहा. या इंजिनाच्या दोन फेर्‍यांना पंख्याची जवळजवळ एक फेरी. आधी मिनिटाला 2250 फेर्‍या गुणिले 21 इंच, म्हणजे ताशी 72 किलोमीटर जायला हवे होते. मोबाइलवर वेग दिसला 50. स्लिप तीस टक्के. आता 2650 गुणिले 17, म्हणजे 68.7 किलोमीटर. प्रत्यक्षात 58. स्लिप पंधरा-सोळा टक्के. कागदावर लहान असलेला पंखा पाण्यात मोठा ठरला. स्मिथचा मोडका स्क्रू आठवला.

पुतण्या काही बोलला नाही. किनार्‍याला आल्यावर त्याने आधी इंजिनावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

आता घरचे. हा मुलगा माझ्याच शाळेत होता, नववी-दहावीला माझ्या वर्गात. घरातला मुलगा म्हणून मी त्याला वरच्या तुकडीत टाकायला लावले, गणिताची जादा शिकवणी, पहाटे पाचला उठवणे, सगळे केले. त्याचे हात यंत्रात रमत, सायकलची चेन तो डोळे मिटून बसवी. मला ते दिसत होते. पण मी प्रगतिपुस्तकावर लिहिले, "कष्ट कमी पडतात." दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, तेच आजही टोचते. मी कधी मोजून पाहिले नाही की कमी काय पडते आहे. मूल की आपण अडकवलेला पंखा? पार्सन्सने मध्ये मापयंत्र तरी बसवले. मी थेट निकाल दिला.

पडवीत बसून हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, त्याका आता तीस वर्सा झाली." आणि चहा आणायला आत गेला. क्षमा केली की विषय टाळला, मला कळले नाही.

कर्जाचे कागद मी फाडले नाहीत, ते बँकेचे आहेत. पण सही केली नाही, आणि ती मागायलाही कोणी आले नाही. वहिनींच्या पाटल्या हातातच आहेत. नव्या पंख्याचे पैसे मी दिले, ते मात्र त्याने हप्त्याने परत करायचे ठरवले आहे. पहिला हप्ता आलासुद्धा.

पुष्कळ लांबले. आपणांपैकी कोणी शिक्षक असतील तर आपले अनुभव जरूर कळवा. आणि मालवणला गेलात तर बोटीत बसण्याआधी पंख्यावरचा आकडा वाचा. पुतण्याची बोट ओळखायची खूण म्हणजे तिचा जुना, खड्डे पडलेला पंखा. तो त्याने घराच्या दाराला लटकवला आहे.